उंटिणीचं दही लागत नाही

जहाजावरून उतरला तेव्हा दिगूच्या खिशात
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची पुरचुंडी होती.
घरात पाऊल टाकलं
आणि आधी विचारलं, संडास कुठंय,
स्वतःच्याच घरात.

मुकादम डॉक्टरीणबाईंनी पाकिटं उलगडून मोजली.
एकवीस दिवस, तीन जातींची औषधं.
“चोर धरायला गेले
नि सगळी वस्तीच उठवली पोटातली.
दही द्या. ताक द्या. मग बघू.”
नक्की गुण येईल का, मी विचारलं.
त्यांनी चष्मा पुसला.
“येतो कित्येकांना.
नक्की सांगायला मी काय गुरव आहे, कौल लावून?”

बुधवारी ठकूबाई झोरे डोंगर उतरून हर्णैला येते,
सुकटीच्या बदल्यात दही.
म्हशीचं सुरीनं कापावं असं,
दिगूनं दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड केलं.
गाईचं निवळ सुटलेलं, बरं,
पण दुपारपर्यंत या हवेत इतकं आंबट
की दात शिवशिवतात.
शेळीचं पातळ, किंचित बोकडाच्या वासाचं.
“ह्ये उतरतं बिगीनं,” ती म्हणाली,
“तान्ह्या पोरांस घालतो आमी.
शेळी रानातला कुठला पाला सोडते?
खाती ती, नि गुण आपल्याला.”
मी हो म्हटलं. गुणाचं माहीत नव्हतं,
वासाचं कळत होतं.

मी दवाखान्यामागच्या खोलीत रक्त-लघवी तपासते.
एका संध्याकाळी तिन्ही दह्यांचा थेंब थेंब
काचेवर पसरला, रंगवला, भिंगाखाली धरला.
जांभळ्या काड्या, जांभळे मणी,
वाळूवर सुकट पसरावी तसे.
जनावर कुठलं, ते काचेवरून मला काही ओळखेना.

मग दिगूला बर्बेरा बंदर आठवलं.
तिथे लाकडी भांड्यातलं उंटिणीचं आंबट दूध प्यायला होता,
धुराचा वास असलेलं.
“तो एक आठवडा पोट माझं होतं, ताई.”

उंटीण आमच्याकडेही आहे,
मुरुडच्या पुळणीवर, आरशांची झूल घातलेली,
शंभर रुपयांत एक फेरी.
वीरमभाई कच्छहून आणतो तिला थंडीत.
यंदा मागे पिल्लूही होतं.
पिल्लाचं पोट भरल्यावर उरेल तेवढं
एका थंडाईच्या बाटलीत त्यानं दिलं,
पैसे घेतले नाहीत.

तापवलं, कोमट केलं, विरजण लावलं,
तांदळाच्या डब्यात ठेवलं.
सकाळी पाणीच.
दुसऱ्या रात्री विरजण दुप्पट. तरी पाणी.
मला वाटलं, माझाच हात वाईट.
वीरमभाई हसून हसून वाकला:
“बेन, हे जमत नाय. आमच्या गावाला पण नाय.
आंबतं, पण बसत नाय.”
दिगू त्यावर खूप वेळ हसला,
मग गप्प झाला,
मग पेला उचलून घटाघटा प्यायला.

माझ्या वहीत आहे सगळं:
म्हैस चार दिवस, गाय सहा, शेळी अकरा, उंटीण नऊ.
सव्विसाव्या दिवसापुढे मी बरोबरची खूण केली आहे.
कशानं, तो रकाना कोरा.
उकड्या तांदळाची पेजही होती रोज.
आणि झोप, पाठीखाली इंजिन नसलेली.
डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, परत दिली.
“एक माणूस म्हणजे पुरावा नाही,” म्हणाल्या,
“एक माणूसच.
वजन किती वाढलं?”

मेच्या अखेरीस ट्रक आला.
उंटीण फळीवर पाय ठेवेना,
पिल्लू आधी चढवलं तेव्हा चढली.
त्याच आठवड्यात कंपनीचा फोन.
दिगूनं धुतलेला रुमाल शेळीच्या दह्यात बुडवला,
बोंबलांच्या वलांडीवर वाळवला,
घडी करून पासपोर्टात ठेवला.
“कुठल्या तरी बंदरात दूध मिळेलच,” म्हणाला,
“कुणाचंही.”

फ्रीजमध्ये बाटलीच्या तळाशी चार बोटं उरलंय अजून.
दवाखान्यात निघताना मी ती तिरपी करून बघते.
वाहतं.